चाळीस पावले

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास घरातला फोन वाजला. अमेरिकेहून भाच्याचा होता. नाताळ आणि माझा वाढदिवस सोडल्यास तो सहसा फोन करीत नाही, त्यामुळे बहिणीच्या प्रकृतीची शंका येऊन मी दचकलोच. पण त्याचा प्रश्न निराळाच निघाला. "मामा, टर्कीच्या शिकारीला किती नंबरचा छर्रा घ्यावा?"

भाचा पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरी करतो. तिथल्या त्याच्या धर्मग्रामातील दोन-तीन गृहस्थ वसंत ऋतूत रानटर्कीच्या शिकारीला जातात आणि या खेपेस त्यांनी यालाही ओढले होते. त्याने शिकाऱ्यांसाठी सक्तीचा असलेला अभ्यासवर्ग पुरा केला, परवाना काढला, मित्राची जुनी बारा बोअरची बंदूक मिळवली आणि दुकानात गेला. तिथे काडतुसांच्या डब्यांची भिंतच उभी! चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर, शिवाय शिशाऐवजी टंगस्टनचे नऊ नंबर. मित्रांपैकी एक म्हणतो चार, दुसरा म्हणतो सहा. तेव्हा त्याला आपला मामा आठवला. आमच्या घरात एकेकाळी बंदूक होती, ही गोष्ट पुढच्या पिढीत थोड्याफार दंतकथेच्या रूपाने शिल्लक आहे.

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. "दोन दिवसांनी फोन कर," एवढेच म्हटले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला झोप आधीच कमी, त्यात त्या रात्री ती मुळीच आली नाही. छर्ऱ्याच्या नंबराचा प्रश्न मला कोणी विचारून साठ वर्षे झाली होती, आणि मागच्या वेळी तो मीच विचारला होता, तामलवाडीच्या माळावर, माझ्या वडिलांना.

वाचकांपैकी बहुतेकांचा बंदुकीशी संबंध आलेला नसणार, म्हणून थोडे सांगतो. बारा बोअरच्या बंदुकीत एकच गोळी नसते. काडतुसात दारूच्या पुढे बुच असते आणि त्यापुढे शिशाचे बारीक गोल दाणे भरलेले असतात, तेच छर्रे. बार निघाला की ते एकत्र सुटतात आणि पुढे जाता जाता पसरत जातात. नंबर जितका मोठा तितका दाणा लहान. बाबा हे धान्याच्या भाषेत समजावून सांगत. सहा नंबर म्हणजे बाजरी, चार नंबर म्हणजे बारीक मटकी, बीबी म्हणजे ज्वारी. त्याहून मोठे एसजी म्हणजे वाटाणे, ते रानडुकरासाठी. "मूठ तेवढीच असते," ते म्हणत, "बाजरी घेतलीस तर दाणे पुष्कळ येतील, ज्वारी घेतलीस तर थोडे. बाजरी लवकर दमते, ज्वारी लांब जाते." दाण्यांची संख्या आणि दाण्याची ताकद यांतले एक घेतले की दुसरे सुटते. सगळ्या निवडीचे मूळ यात आहे.

आता टर्कीविषयी. हा पक्षी मूळचा मेक्सिको आणि उत्तर अमेरिकेचा. पण त्याच्या नावाचा गोंधळ पाहून हसू येते. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा केले, पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हणून दुसऱ्याच देशात नेऊन सोडले, फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचा ठरवले, आणि खुद्द तुर्कस्तानात त्याला 'हिंदी' म्हणतात! आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या गोव्यातून आला. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत टर्कीचा एक नर होता. जहांगीर बादशहाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. आमच्या वसईत नाताळच्या मेजवानीला टर्की पाळणारी घरे मी पाहिली आहेत. पण सोलापूरच्या बाजूला त्या काळी टर्की कुठली मिळायला! माझ्या गोष्टीची सुरुवात या उणिवेपासून होते.

बाबा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते. आमचे बिऱ्हाड सोलापुरात, आणि बाबांचा मुक्काम महिन्यातले वीस दिवस सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीजवळच्या तंबूत. आज त्या रस्त्याने जाणाऱ्याला तामलवाडी म्हटले की टोलनाका आठवतो. त्या वेळी तिथे धाब्याची घरे होती, तुळजाभवानीच्या यात्रेकरूंसाठी चहाच्या टपऱ्या होत्या, आणि गाव संपले की माळ. १९४८ पर्यंत सोलापूर इंग्रजी मुलखात आणि नंतर मुंबई प्रांतात, तर तामलवाडी निजामाच्या राज्यात. मधली सरहद्द पुसली जाऊन फार वर्षे झाली नव्हती आणि म्हातारी माणसे अजून "मोगलाईत" आणि "इंग्रजीत" असे बोलत. माळाला मात्र सरहद्द कधी ठाऊक नव्हती. कुसळी गवत, तरवडाची झुडपे, मध्येच एखादी बाभळ, खोलगट जागी शाळूची आणि हरभऱ्याची शेते. तित्तर, लावे आणि पखुर्ड्या विपुल. काळविटांचे कळप रस्त्यावरून दिसत. आणि कधीकधी, गवताच्या वर काठीसारखी मान काढून चालणारा माळढोक.

माळढोक ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो किती मोठा असतो याची कल्पना येत नाही. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन आठपासून चौदा-पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पाठ मातकट. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, त्या आवाजावरून काही ठिकाणी त्याला हूम म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. हा शेवटचा तपशील मला त्या वेळी माहीत नव्हता. बाबांनाही नसावा.

बाबांची बंदूक दुनळी होती, विलायती, त्यांनी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेली. उजवी नळी मोकळी, डावीचे तोंड किंचित आवळलेले, त्याला चोक म्हणतात. चोकमुळे छर्रे कमी पसरतात. काडतुसे सोलापुरातून आणायची, परवान्यावर नोंद करून, आणि ती पुठ्ठ्याची असल्यामुळे पावसाळ्यात फुगत. तोंडाशी गोल पुठ्ठ्याची चकती असे आणि तिच्यावर नंबर छापलेला असे. मी सुटीत तंबूवर गेलो की ती काडतुसे ओळीने लावून नंबर वाचणे हा माझा खेळ होता. बहुतेक सहा, थोडे चार, आणि एका तंबाखूच्या डबीत दोनच बीबी.

१९६४ च्या डिसेंबरची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. त्या नाताळला वसईहून मामा, मामी आणि त्यांची पाच मुले आमच्याकडे सोलापूरला यायची होती. आईच्या माहेरी नाताळला मोठा पक्षी भाजण्याची रीत होती, आणि तिने सहज, अगदी सहज म्हटले की यंदा तसे काही करता आले असते तर बरे झाले असते. बाबा काही बोलले नाहीत. नाताळच्या आठ दिवस आधी ते मला घेऊन तंबूवर गेले.

पहाटे निघालो. शाळू पोटरीत आला होता, दव पडले होते. बाबांनी दोन्ही नळ्यांत सहा नंबर भरले, कारण तित्तर उठण्याचा संभव अधिक होता. तासभर चाललो तेव्हा एका हरभऱ्याच्या शेताच्या कडेला माळढोक दिसला. नर होता. तो आमच्याकडे पाठ करून हळूहळू चालत होता, मध्येच थांबून काही टिपत होता. बाबा खाली बसले, मीही बसलो. वाऱ्याचा आवाज तेवढा होता. बाबांचा हात खिशातल्या डबीकडे गेलेला मी पाहिला. बंदूक मोडायची, दोन काडतुसे काढायची, दोन घालायची, बंदूक मिटवायची. ती मिटताना खट्ट आवाज होतो. हात परत आला.

पक्ष्याने मान उंच केली. माझ्या अंदाजाने तो ओढ्याच्या अलीकडे होता. नंतर बाबांनी पावले मोजली तेव्हा अंतर बहात्तर भरले. त्यांनी डावा बार काढला.

पिसे उडाली. पांढरी, बारीक, कापसासारखी. पक्षी गुडघ्यावर बसल्यासारखा झाला, मग धावला, पंख उघडले, आणि जड, मोठ्या हालचालीने उडाला. जमिनीपासून दहा-बारा फुटांवरून तो ओढ्यापलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. आम्ही दुपारपर्यंत शोधले. दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके मिळाले, पुढे खडकाळ जमीन लागली. "लागला होता ना?" मी विचारले. "लागला," बाबा म्हणाले. मला तो होकार आनंदाचा वाटला. त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे वय माझे नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक धनगर तंबूशी आला. "सायेब, त्यो तुमचा ढोक वढ्याच्या वरल्या अंगाला हाय. जित्ता हाय. उडंना." आम्ही गेलो. पक्षी तरवडाच्या बुडाशी बसला होता. डावा पंख जमिनीवर लोळत होता. आम्हाला पाहून त्याने मान उंचावली, उठला, चार पावले धावला आणि कोलमडला. पुन्हा उठला. तो ओरडला नाही, त्याने चोच मारली नाही. फक्त आमच्यापासून दूर जाण्याचा प्रयत्न करीत राहिला. बाबांनी या वेळी बीबी भरले. बारा पावलांवरून एक बार. मी कान झाकले नव्हते आणि अजूनही तो आवाज मला इतर सगळ्या बारांपासून वेगळा आठवतो.

वाण्याच्या काट्यावर तो नऊ किलो भरला. बाबांनी तंबूमागे बसून त्याला सोलले, पण खाण्यासाठी नव्हे. ते छर्रे शोधत होते. पहिल्या बाराचे नऊ मिळाले. सहा छातीवर, दाट पिसांतून कसेबसे जाऊन कातडीखाली अडकलेले, मांसात एकही खोल गेला नव्हता. दोन पोटात, त्या जागी पू झाला होता. एक पंखाच्या हाडाशी. त्या हाडाला चीर पडली असावी आणि उडण्याच्या जोराने ते पुढे मोडले. बाबांनी ते नऊ दाणे धुऊन तळहातावर घेतले आणि मला दाखवले. बाजरीएवढे, एका बाजूने चपटे झालेले. मी तेव्हा तो प्रश्न विचारला. "बाबा, मग किती नंबर पाहिजे होता?"

"नंबर नाही रे," ते म्हणाले. "बहात्तर पावलांवर नंबर नसतो."

पक्षी आम्ही पुरला. धनगराने मांस नको म्हटले, आईला तर आणल्याचे सांगितलेच नाही. त्या नाताळला सोलापूरच्या बाजारातल्या दोन कोंबड्या शिजल्या आणि मामांची मुले खूष झाली. नाताळच्या आधी पापनिवेदनाच्या रांगेत बाबा उभे राहिले आणि आत नेहमीपेक्षा अधिक वेळ होते, हे मला आठवते. कशासाठी, ते सांगण्याचा अधिकार मला नाही.

या प्रसंगानंतर बाबांनी बंदूक टाकून दिली असे मी लिहिले तर गोष्ट अधिक शोभून दिसेल, पण ते खरे होणार नाही. जानेवारीत त्यांनी दोन बांबू रोवले, त्यांवर जुनी चादर ताणली आणि चादरीवर खळीने वर्तमानपत्राची रद्दी डकवली. खिळ्याला दोरी बांधून कोळशाने तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढले. चाळीस पावले मागे जाऊन एक बार काढला आणि मला म्हणाले, "मोज."

ती माझी त्या सुटीतली कामगिरी. एकेक भोक मोजायचे आणि मोजलेल्यावर पेन्सिलीची खूण करायची. सहा नंबरच्या काडतुसात एका औंसाला सुमारे २७० दाणे असतात. डाव्या नळीतून चाळीस पावलांवर वर्तुळात १६८ आले. चार नंबरचे १७० पैकी १०७. बीबीचे ७० पैकी ४३, आणि त्या त्रेचाळीस भोकांमध्ये काही ठिकाणी माझा तळहात मावत होता. "माळढोकाचा जीव जातो ती जागा तुझ्या तळहाताएवढी," बाबा म्हणाले. म्हणजे बीबी असता तरी चाळीस पावलांवर तो हमखास मेला असता असे नाही, आणि बहात्तरवर तर ती जुगारीच होती. मग सहा नंबरचा बार त्यांनी सत्तर पावलांवरून काढला. साठीच्या आतबाहेर भोके आली. कागदाला ती पडली, पण मागे लावलेल्या खोक्याच्या फळीवर नुसते खळगे उमटले. चाळीसवर तेच दाणे त्या फळीत रुतून बसले होते.

पुढे बाबांची एक सवय झाली. माळावर कुठेही थांबले की आधी ते चाळीस पावलांवरचे एखादे झुडूप किंवा दगड नजरेने ठरवीत. पक्षी त्याच्या अलीकडे आला तरच बंदूक उचलायची. तित्तर असो, पखुर्डी असो. त्यामुळे आमच्या घरातली शिकार निम्म्याहून कमी झाली आणि बरोबर येणारे लोक त्यांना भित्रा शिकारी म्हणू लागले. माळढोक त्यांनी पुन्हा पाहिले, दाखवले, आणि तसेच जाऊ दिले. मी मोठा झाल्यावर तीच सवय घेऊन थोडे तित्तर मारले. मोजून सात. नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला आपल्या देशात जागाच उरली नाही. बंदूक घरात राहिली ती दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करण्यापुरती. बाबांच्या पश्चात मी ती रीतसर विक्रेत्याकडे देऊन टाकली. परवान्याच्या कागदपत्रांसाठी जेवढे हेलपाटे घातले तेवढे मी माझ्या लग्नासाठीही घातले नव्हते.

माळढोकाचे काय झाले ते बहुतेकांना माहीत आहे. त्याच्यामागे बंदुका फार जुन्या काळापासून लागलेल्या होत्या. मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वर्षांत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. ही नोंद मी वाचली त्या दिवशी मला बाबांचा एक पक्षी क्षणभर क्षुल्लक वाटला, आणि पुढच्याच क्षणी वाटला नाही. डॉ. सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. म्हणजे आमचा बार निघाला त्याच्या थोडेच आधी या पक्ष्याचे नाव एवढ्या मोठ्या मानासाठी घेतले जात होते. तामलवाडीच्या पश्चिमेला, सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. कागदावर ते सुमारे ८५०० चौरस किलोमीटरचे होते, त्यात शेते, गावे, रस्ते सगळे आले. लोकांच्या जमिनींचे व्यवहार अडकले, पक्ष्याविषयी राग निर्माण झाला आणि पुढे ते क्षेत्र पुष्कळ कमी करावे लागले. माळाचा ऊस झाला. विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि एवढे जड शरीर ऐनवेळी वळवताही येत नाही, त्यामुळे तो तारांवर आदळतो. आज सगळ्या देशात रानात दीडशेहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे, त्यांतले बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या अलीकडच्या गणतीत एखादाच पक्षी दिसल्याचे मी वाचले. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या जातीत एका नराचा हिशेब कसा मांडायचा, हे मला अजून सुचलेले नाही.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. प्रथम आम्ही भाषेवरच अडखळलो. मी म्हटले, चार नंबर घे. तो म्हणाला, चार नंबरचे औंसाला १३५ दाणे येतात. मी म्हटले, छे, १७०! बराच वेळ एकमेकांना खोटे पाडल्यावर उलगडा झाला. आपल्याकडची काडतुसे इंग्रजी मापाची, अमेरिकेचे माप वेगळे. आपला चार नंबर तो त्यांचा पाच नंबर. तसेच त्यांचा सहा नंबर आपल्या सहापेक्षा मोठा, औंसाला २२५. मामाच्या अधिकारवाणीने दिलेला सल्ला भाच्याने तसाच पाळला असता तर तो एक नंबर चुकला असता. माझे उरलेले ज्ञान मी त्यानंतर जरा खालच्या पट्टीत सांगितले.

टर्कीची शिकार माळढोकासारखी नसते, हे त्याने मला सांगितले. नराच्या छातीवर पिसांचे चिलखतच असते, म्हणून नेम डोक्यावर आणि मानेवर धरतात. जागा अगदी लहान. त्यासाठी दाणे दाट पाहिजेत आणि कवटी किंवा मानेचा मणका फोडण्याइतके जडही पाहिजेत. म्हणून चारपासून सहापर्यंतच वाद. त्याहून मोठा छर्रा काही राज्यांत कायद्यानेच वर्ज्य आहे, कारण झाडीत रंगीबेरंगी कपडे न घालता बसलेल्या माणसाला माणसाने पक्षी समजण्याचे प्रकार तिथे घडतात. त्याच्या राज्यात वसंतातल्या शिकारीत पक्ष्याचा पाठलाग करायचा नाही. झाडाला पाठ लावून बसायचे, लाकडी पेटी घासून मादीचा आवाज काढायचा आणि नर आपल्या पायांनी येईल त्याची वाट पाहायची. हे ऐकून मला बरे वाटले. यात अंतर कमी करण्याचे काम बंदुकीला नव्हे, धीराला करावे लागते.

"टंगस्टनचे काय, मामा? दुकानदार म्हणतो साठ यार्डांवरही काम करते." टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून अधिक जड असते, त्यामुळे दाणा बारीक असूनही खोल जातो. एकाच मुठीत दाणे पुष्कळ येतात आणि ताकदही राहते. बाबांच्या बाजरी-ज्वारीच्या हिशेबाला हा मोठाच छेद आहे आणि विज्ञान म्हणून मी त्याचे कौतुक करतो. शिवाय शिसे हे विष आहे. पाणथळीत पडलेले छर्रे खडे समजून गिळल्याने बदके मरत, म्हणून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला १९९१ पासून बंदी आहे. पण दुकानदाराच्या त्या "साठ यार्डांवरही" या शब्दांची मला धास्ती वाटली. चांगले काडतूस चाळीसवर अधिक खात्रीचे म्हणून घ्यावे, हे मला समजते. ते साठवर हात शिवशिवावा म्हणून विकले जाते. मी भाच्याला तसे सांगितले आणि मग, पहिल्यांदाच, तामलवाडीची गोष्टही सांगितली. त्याच्या आईलाही ती ठाऊक नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटले फोन तुटला.

"कागदावर बार काढून बघ," मी म्हटले. "चाळीस पावलांवर. आणि भोके स्वतः मोज."

त्याने मोजली. तिथे दहा इंचांच्या वर्तुळात किमान शंभर भोके पाहिजेत असा संकेत आहे. दोन औंसांच्या काडतुसाने चार नंबरची ७१ आली, पाचची १०४, सहाची १३१. तीनही कागदांची छायाचित्रे त्याने पाठवली. मी भिंग घेऊन बसलो. पाच नंबरच्या कागदावर माझ्या मोजणीत १०३ आली. एक भोक कडेवर होते, त्यावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही.

एक गोष्ट त्याच्याकडून कळली ती येथे नोंदवून ठेवतो, कारण आपल्या माळढोकाचा विचार करताना ती मनातून जात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रानटर्कीही अमेरिकेच्या कित्येक राज्यांतून नाहीशी झाली होती. १९३७ साली तिथे एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांना वन्यप्राण्यांच्या कामासाठी मिळू लागला. उरलेल्या रानांतून टर्की जाळ्यांनी पकडून रिकाम्या झालेल्या रानांत सोडल्या गेल्या. आज त्या लाखोंच्या संख्येने आहेत. म्हणजे भाच्याने घेतलेल्या प्रत्येक डब्यातले काही पैसे टर्कीकडे परत गेले. हा मार्ग आपल्याला चालला असता असे मी म्हणत नाही. आपला पक्षी वर्षाला एक अंडे घालतो आणि टर्की दहा-बारा, हा फरक कोणत्याही करापेक्षा मोठा आहे. तरी बाबांच्या परवान्यावरच्या त्या काडतुसांच्या नोंदी आठवतात, आणि त्यांतला एक पैसाही तामलवाडीच्या माळाकडे वळला नाही हेही आठवते.

मे महिन्याच्या अखेरीस हंगाम संपला तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. पाच सकाळी तो अंधारात जाऊन बसला होता. चौथ्या सकाळी एक नर ओरडत आला, शेपूट पसरून, डोके निळे-तांबडे करून. भाच्याने बसल्याजागेपासून चाळीस पावलांवरचे एक पडलेले झाड आधीच ठरवून ठेवले होते. नर त्या झाडापलीकडे थांबला. अर्धा तास तिथेच येरझाऱ्या घालीत होता.

"किती लांब होता?" मी विचारले.

"नंतर मोजलं. त्रेपन्न."

"बंदुकीत काय होतं?"

"पाच नंबर. म्हणजे तुमचा चार."

"मग?"

"मग काय, मामा, गेला तो. दुपारी सगळ्यांनी मिळून पिझ्झा खाल्ला."